खपली धरेपर्यंत

पत्रक आलं शुक्रवारी, पोषण आहाराच्या तांदळासोबत,
पोत्याच्या सुतळीत खोचलेलं.
'सर्व फोड सुकून खपली धरेपर्यंत
विद्यार्थ्यास शाळेत बसवू नये.
घरी वेगळ्या खोलीत ठेवावे.
ताटवाटी, टॉवेल स्वतंत्र.'
खाली सही, सहीवर शिक्का,
शिक्क्यावर कुणाच्या तरी चहाचा गोल.

सोमवारी प्रार्थनेत आचल टेकामनं मान खाजवली.
तिसरीतली. पहिली पट्टी, माझ्या टेबलाला लागून.
कानामागे दवाचा थेंब बसावा तसा एक फोड,
कॉलरखाली आणखी दोन.
मी म्हटलं, दप्तर घे.
तिला वाटलं, पाढा म्हणून दाखवायचाय.
ती दप्तर घेऊन फळ्याशी येऊन उभी राहिली.

तिची आई दुपारी आली, वेचणी टाकून,
कमरेच्या ओटीत किलोभर कापूस तसाच.
"वेगळी खोली म्हन्ता सर,
आमच्या घरी एकच हाये.
तिच्यातच चूल, तिच्यातच बकरी, तिच्यातच आमी पाच.
कोनाले काढू बाहीर, तुमीच सांगा."
मी पत्रक पुन्हा वाचलं.
त्यात बकरीबद्दल काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या दाराला
कडुलिंबाचा डहाळा.
आशाताई लीना जाऊन आल्या.
म्हणाल्या, "दवाई देल्ली, नखं कापली,
लिंब राहू देल्ला.
पत्रक कोन वाचते सर? लिंब सगळ्याइले वाचता येते."

हजेरीपटात दोनच खुणा.
आला त्याची तिरकी रेघ, नाही आला त्याचा 'गै'.
आलेलीला परत पाठवलं, याला खूण नाही.
जूनपासून तिच्या ओळीत एकही 'गै' नव्हता.
मी आठ काढले. निळ्या शाईनं.

आता हेही लिहून टाकतो:
मी तिला इतक्या घाईनं काढलं
ते शाळेच्या अठ्ठावीस पोरांसाठी नाही फक्त.
दारव्ह्याला माझ्या घरी सातवा महिना चालू होता,
आणि मला स्वतःला
लहानपणी कांजण्या आल्याच नव्हत्या.
पत्रकात माझं नाव नव्हतं,
मी मात्र त्याच्या मागेच उभा होतो.

तिसऱ्या दिवसापासून मधल्या सुट्टीत
ती तारेपलीकडे यायची, घरचं ताट घेऊन.
स्वतंत्र ताट, नियमाप्रमाणे.
मी बेबीबाईला सांगितलं, पळी उंच धरा,
ताटाला लागू देऊ नका.
बेबीबाईनं धरली. वरून खिचडी पडली,
अर्धी ताटात, अर्धी मातीत.
बेबीबाई तशीच थांबली, पळी हवेत.

"माह्या आजीले असंच वाढत, सर," ती म्हणाली,
"पाटलाच्या वट्ट्यावरून.
फक्त तिले फोड नोयते."

मग तिनं तार दोन बोटांनी वर केली,
लुगड्याचा काष्टा सावरत वाकून पलीकडे गेली
आणि आचलजवळ मातीत फतकल मारून बसली.
"मले येऊन गेल्या लहानपनी. आता मले काय होते?"
एकाच ताटात दोघींचे हात.
मी खिडकीतून पाहिलं.
नियम कुठेही मोडलेला नव्हता,
एवढंच की माझ्या हातून पाळला गेला तेव्हा
तो असा दिसत नव्हता.

नवव्या दिवशी आचल आली.
खपल्या गळालेल्या, कपाळावर एक खड्डा
तुरीचा दाणा बसेल एवढा.
मी तिरकी रेघ काढली.
तिनं विचारलं, "सर, तुमाले आल्त्या का कांजण्या?"
नाही, म्हटलं.

ती उठली,
आपली पट्टी हातभर मागे ओढली
आणि तिथून पाढा म्हणायला लागली.

पुढे ये, म्हटलं.
दोनदा म्हटलं.